ऊब पुरे, टाके पाहा

गोधडीला सध्या बरे दिवस आले आहेत. शहरातल्या प्रदर्शनांत ती दांडीवर टांगलेली दिसते, दिवाळीच्या बाजारात तिला स्वतंत्र जागा मिळते, आणि घरातल्या जुन्या साड्या देऊन आठवणींची गोधडी शिवून घेण्याचा व्यवसायही चांगला रुजला आहे. या सगळ्याबरोबर येणारा मजकूर मात्र एकच असतो: आजीचे सुरकुतलेले हात, मायेची ऊब, धाग्याधाग्यांत गुंफलेल्या आठवणी. दहा प्रदर्शनांची दहा निवेदनं आपापसांत बदलली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही, कारण त्यांतलं एकही समोर टांगलेल्या गोधडीबद्दल नसतं. लाल खणाचा तुकडा हिरव्या इरकलीशेजारीच का बसला, टाक्यांच्या ओळी काठाला समांतर जाता जाता मध्येच का वळल्या, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. चित्रांच्या प्रदर्शनात असा मजकूर लावला असता तर हसं झालं असतं. गोधडीच्या बाबतीत तो खपतो, कारण ती पाहायची वस्तू नाही, आठवायची वस्तू आहे, असं आपण परस्पर ठरवून टाकलं आहे. या कलेचं घोडं आज जिथे अडलं आहे ती जागा हीच.

वस्तू सोडून भलतंच पाहण्याचा हा आजार फक्त आपला नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जुन्या अमेरिकी क्विल्ट, म्हणजे तिकडच्या गोधड्या, चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, १९७९ पासून ओहायोतल्या अथेन्स गावी 'क्विल्ट नॅशनल' भरू लागलं, आणि 'आर्ट क्विल्ट' ही वेगळी जात जन्माला आली. पन्नास वर्षांनी त्या जातीकडे पाहताना कौतुकापेक्षा कंटाळा जास्त येतो. भिंत मिळाली, आणि भिंतीबरोबर चित्र होण्याची हौस आली. छायाचित्र संगणकावर सात-आठ छटांत फोडायचं, छटेछटेचं कापड कापून बसवायचं, वरून यंत्राने गच्च शिवायचं. मग तो वाघ असो, नातवंड असो की सूर्यास्त. पाहणाऱ्याने जवळ जाऊन 'अगंबाई, हे कापड आहे?' म्हणावं, एवढीच यामागची महत्त्वाकांक्षा. कापड कापडासारखं दिसू न देणं हा जिथे विजय ठरतो, तिथे कापड घेतलंच कशाला? बिसा बटलर या कलावंताच्या क्विल्टमधली माणसं याला अपवाद आहेत. तिच्याकडे आफ्रिकी छापील कापड गालावरची सावली होतं, तरी आपली नक्षी सोडत नाही. आणि कातडीचा रंग जांभळा की केशरी हे मूळ छायाचित्र ठरवत नाही, ती ठरवते. तिचं अनुकरण करणाऱ्यांना फक्त छायाचित्र दिसलं. स्पर्धांसाठी शिवलेल्या क्विल्टबद्दल एवढंच म्हणता येईल की त्यांतले टाके मोजता येतात. पांढऱ्या-राखाडी मोकळ्या जागेत दोन चौकोन सोडून स्वतःला 'मॉडर्न' म्हणवणाऱ्या क्विल्टबद्दल तेवढंही म्हणायची गरज नाही.

या कलेचा कणा दुसरीकडे आहे. अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड हे कृष्णवर्णीयांचं खेडं आहे. २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि पाठोपाठ व्हिटनीत तिथल्या बायकांच्या क्विल्ट लागल्या, मातीस आणि क्ले या चित्रकारांशी तुलना झाली, २००६ मध्ये टपाल तिकिटं निघाली. तुलनेने तर उलट नुकसानच केलं. मातीसला हवा तो रंग कागदावर चढवून घेता येत होता. ॲनी मे यंगसारख्या तिथल्या बाईसमोर शेतावर वापरून विटलेल्या पँटी होत्या. पँटचा पाय उलगडला की लांबट, खाली निमुळता होत जाणारा पट्टा हाती येतो. गुडघ्याशी फिका, आणि खिसा उसवला की त्याच्याखाली मूळचा गडद निळा. हा आकार, हा रंग कुणी निवडलेला नसतो. निवड सुरू होते ती तो पट्टा कशाशेजारी ठेवायचा इथून, आणि तिथे या बायका कुणाची भीड ठेवत नाहीत. चौकोनाभोवती चौकोन बांधत जाणारा त्यांचा 'हाउसटॉप' घ्या. नमुना पिढीजात आहे, पण पट्टा पुरत नाही तिथे दुसरा रंग शिरतो, मधला चौकोन एका अंगाला सरकतो आणि सगळी रचना तिरकी चालू लागते. ही चूक नाही कशावरून? पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत तिच्यावर उत्तर दिलेलं दिसतं त्यावरून. कललेला तोल दुसऱ्या अंगाला जड रंग टाकून पेललेला असतो. चुकणाऱ्याला उत्तर सुचत नाही, तो लपवतो.

बाजाराचा या कलेशी संबंध काय, हेही तिथेच दिसतं. नागरी हक्कांच्या चळवळीतून १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली. घरात पैसा आला, ही मोठीच गोष्ट झाली. पण न्यूयॉर्कच्या दुकानांना हव्या होत्या ठरलेल्या नमुन्याच्या, एकसारख्या क्विल्ट. पुढे १९७२ मध्ये सिअर्स कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. त्या अभ्र्यांची आज कुणी आठवण काढत नाही. त्यातून उरलेलं कॉर्डरॉय मात्र घरोघरी गेलं. ते जाड, बारीक तुकड्यांत नीट न बसणारं. म्हणून तुकडे मोठे झाले, रचना धीट झाली, आणि कापडावरच्या उभ्या-आडव्या रेघांनी एकाच रंगाच्या दोन छटा दिसू लागल्या. संग्रहालयांनी उचललं ते हे. गरिबीतूनच अशी कला येते, असा भाबडा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. कॅलिफोर्नियातल्या रोझी ली टॉम्पकिन्सने मखमल, खोटी फर, चमचमतं कापड असं काय काय वापरलं. २०२० मध्ये बर्कलीच्या संग्रहालयात तिचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा तिच्या श्रीमंत मखमलीतही तोच हट्ट दिसला. हाती आलेल्या तुकड्याचा आकार मान्य करायचा आणि त्याच्याशी भांडायचं. अडचण ही या कलेची पूर्वअट आहे. ती दारिद्र्याने घातली की कलावंताने स्वतःवर घालून घेतली, हा पुढचा प्रश्न.

आपल्या अधिक जवळचा पुरावा हवा असेल तर उत्तर कन्नडमध्ये, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला जावं. तिथल्या सिद्दींचे आफ्रिकी पूर्वज मोठ्या संख्येने पोर्तुगीजांच्या गोव्यातून आले. त्यांच्या बायका शिवतात ती कवंडी हा रचनेतला एक विलक्षण धाडसी प्रकार आहे. वरचा थर आधी जुळवून मग तो खालच्या थरांना टाचायचा, ही अमेरिकी रीत. तीत तुकडे मांडून, मागे सरून, बदलून पाहता येतं. कवंडीत ती सोय नाही. खाली जुनी साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, तुकड्याची कड आत मुडपून तो जागच्या जागी धावदोऱ्याने शिवायचा आणि काठाकाठाने फेर धरत मध्याकडे सरकायचं. जोडणं आणि शिवणं एकाच वेळी चालतं, म्हणून प्रत्येक निर्णय पक्का. मागे घ्यायचा तर उसवावंच लागतं. शेवटी मधोमध उरलेली जागा भरताना चहूबाजूंनी आलेल्या रांगांचा हिशेब चुकता करावा लागतो. आणि चार कोपऱ्यांवर घडी घालून थरावर थर बसवलेले त्रिकोणी तुकडे, ज्यांना त्या फुलं म्हणतात, त्यांच्याशिवाय कवंडी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. या फुलांनी थंडी काडीमात्र कमी होत नाही. 'बिचाऱ्या बायकांनी गरज म्हणून शिवलं, कला वगैरे त्यांच्या मनातही नव्हतं' असं म्हणणाऱ्यांनी या चार कोपऱ्यांचं काय करायचं ते सांगावं.

हीच नजर आपल्या गोधडीवर टाकली तर काय काय हाती लागतं! नऊवारी लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. बसून, घासून जिथे झिजलं तिथे ठिगळ येणार, म्हणजे ठिगळाची जागा आधीच्या वापराने ठरलेली असते. ते ठिगळ दबकून बसवायचं की ठसठशीत, हे मात्र शिवणारी ठरवते. काठ बाहेरून चौकटीसारखा फिरवायचा की कापून आत पेरायचा, हा दुसरा निर्णय. धावदोऱ्याच्या ओळी दाट घेतल्या तर कापड आवळून त्यावर लाटा उठतात, विरळ घेतल्या तर ते सैल, सपाट राहतं. म्हणजे रंगाच्या वर उजेड-सावलीची दुसरी रचना टाका करत असतो. चारी बाजूंनी चौघी बसल्या असतील तर चौघींचे हात त्या ओळींत वेगळे ओळखू येतात, आणि ते जिथे भेटतात तिथली ओढाताण हा त्या गोधडीतला सर्वांत जिवंत भाग असू शकतो. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर केलेलं पुस्तक इंग्रजीत, फ्रान्समधल्या क्विल्टच्या प्रकाशकाकडून आलं. पाहण्यासारखं काही आहे हे तिकडच्यांना कळलं. आपण ऊब शोधत बसलो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो वजनदारही आहे. वस्तू बाईपासून तोडून नुसत्या आकार-रंगाकडे पाहणं हे व्हिटनीतल्या १९७१ च्या प्रदर्शनाचंच पाप नव्हे का? अमेरिकी कलाइतिहासकार पॅट्रिशिया मेनार्डी यांनी १९७३ मध्येच तसा हल्ला चढवला होता: क्विल्ट पुरुष चित्रकारांच्या अमूर्त चित्रांसारख्या म्हणून मोठ्या ठरवायच्या आणि त्या करणाऱ्या बायकांना बाजूला सारायचं, हा कुठला न्याय? आरोप खरा आहे. पण त्यावरचा उपाय आपण उलटाच काढला. नाव परत आणायचं सोडून आपण 'आजी' आणली. आजीला नाव नसतं, गाव नसतं, चांगलं-वाईट काम नसतं. सगळ्या आज्या सारख्याच मायाळू. जिचे निर्णय आपण वाचतो तीच व्यक्ती म्हणून उभी राहते. जीज बेंडच्या लॉरेटा पेटवेची क्विल्ट तिथल्याच मेरी ली बेंडॉल्फच्या क्विल्टपेक्षा वेगळी कशी, हे सांगता येतं म्हणून त्या दोघी आज दोन कलावंत आहेत. आणि मायेचा आणखी एक व्यावहारिक गुण आहे: तिची मजुरी विचारायची नसते. २००७ मध्ये जीज बेंडच्या काही स्त्रियांना आपल्या कामाच्या मोबदल्यासाठी न्यायालयात जावं लागलं. ते दावे पुढच्या वर्षी मिटले. जिथे काम प्रेमाच्या नावावर चढवलं जातं, तिथे टाक्यांचा भाव नेहमीच पडतो.

दुसरा आक्षेप भावनेच्या बाजूने येईल. जीज बेंडच्याच मिसूरी पेटवेने नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची क्विल्ट १९४२ मध्ये शिवली. तिच्यापुढे रंगसंगतीच्या गप्पा मारायच्या? जरूर माराव्यात. त्या काळी विधवा झालेल्या बायका पुष्कळ असतील, आणि दुःख त्या सगळ्यांचंच खरं. ही एक क्विल्ट वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनापर्यंत गेली, कारण तिने त्या पँटी-सदऱ्यांचे पट्टे अशा शिस्तीने लावले की दुःख ठाऊक नसलेल्यालाही थांबावं लागतं. एड्सने गेलेल्यांसाठीची क्विल्ट तर याहून कठीण कसोटी. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये ती वॉशिंग्टनला प्रथम अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते; पुढे ते पन्नास हजारांच्या घरात गेले. सुटे सुटे पाहिले तर त्यांतले बरेच बेतास बात आहेत. तरी समूह म्हणून ती हादरवते, ती दोन निर्णयांमुळे: प्रत्येक तुकडा तीन बाय सहा फूट, म्हणजे थडग्याएवढा, आणि तो भिंतीवर न लावता सरकारच्या अंगणात जमिनीवर अंथरायचा. हे दोन्ही निर्णय रचनेचे आहेत. भावना सगळ्यांकडे असते, माप ठरवायची बुद्धी थोड्यांकडे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गोड आणि म्हणून सगळ्यांत घातक. बायका हौसेने एकत्र येतात, शिवतात, एकमेकींना दाखवतात, दोन शब्द कौतुकाचे बोलतात. त्यांच्यात टीकेचा चाबूक कशाला? चाबूक नको, नजर हवी. जीज बेंडमध्ये वरचा थर प्रत्येक बाई एकटी जुळवायची आणि शिवायला मात्र सगळ्या मिळून बसायच्या. मदत सामूहिक, निर्णय एकटीचा. मग त्या क्विल्ट वाळत घातल्या की येणारीजाणारी त्या बारकाईने पाहायची, त्यांतलं उचलायची, घरी जाऊन त्याच्यावर कडी करायची. त्या दोरीवर जे चाले ती समीक्षाच होती. आजच्या क्विल्टमंडळांनी हे नेमकं उलटं केलं आहे. नमुना तयार आणायचा, कापड एका दुकानाचं, रंगांची यादी शिक्षिकेची. म्हणजे निर्णय सामूहिक आणि काम एकटीचं. मग एकमेकींना दाखवण्यात 'सुंदर'खेरीज बोलणार तरी काय? ज्या गाण्याच्या बैठकीत बेसूर गाणाऱ्यालाही तीच दाद मिळते, तिथे गाणारा सुधारत नाही आणि ऐकणाराही बिघडतो. हौशी बाईला टीका सोसणार नाही हे गृहीत धरणं म्हणजे तिला कलावंत होण्याच्या लायकीची न समजणं. गवयाचा, कवीचा, नटाचा आपण असा अपमान करत नाही.

तेव्हा गोधडीचं प्रदर्शन भरवणाऱ्यांनी आता मायेचा परिच्छेद काढून टाकावा. त्याच्या जागी शिवणारीचं नाव, गाव, साल, कापड कोणतं, थर किती, किती जणींचा हात, आणि मोबदला किती, एवढं लिहावं. निवड करणाऱ्यांनी ही गोधडी का घेतली हे चार वाक्यांत सांगावं. 'भावली' हे कारण धरू नये. आलेल्या प्रत्येक गोधडीला जागा देण्याचं औदार्य थांबवावं. निम्म्या परत पाठवाव्यात, आणि का परत पाठवल्या ते त्या बाईला समजेल अशा भाषेत लिहून पाठवावं. ती चिडेल, आणि मग पुढची गोधडी कुणाच्या आठवणीखातर नव्हे, तर आपलं म्हणणं खरं करण्यासाठी शिवेल.