बदली खेळाडू

मराठीत ‘बदली’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. धुळ्याच्या तहसील कचेरीतला कारकून नंदुरबारला गेला की त्याची बदली झाली. आणि कुणी रजेवर असताना त्याच्या जागी दिवसाच्या बोलीवर उभा राहतो तो बदली कामगार. फुटबॉलमध्ये दोन्ही अर्थ चालतात. क्लब बदलणं ही बदली, आणि ऐंशीव्या मिनिटाला ट्रॅकसूट काढून मैदानात उतरतो तोही बदली खेळाडूच. काही खेळाडूंचं सगळं आयुष्य या दोन बदल्यांमध्ये जातं. इंग्रजीत अशा खेळाडूला ‘जर्नीमन’ म्हणतात. हा शब्द ऐकला की प्रवास आठवतो, पण त्याच्या मुळाशी ‘दिवस’ या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. उमेदवारी संपलेला, हातात कसब असलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला आणि दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. आपल्या भाषेत रोजंदारीवरचा.

अशा रोजंदारीवरच्या खेळाडूवर लिहिलेलं एक पुस्तक इथे समोर ठेवायचं आहे. त्याच्या उजेडात आपल्याकडचा एक सिनेमा, एक कारकीर्द आणि खान्देशातली मैदानं पाहायची आहेत.

डायरीला शेवट माहीत नसतो

गॅरी नेल्सन हे नाव तुम्ही ऐकलेलं नसेल, आणि इथे नेमका तोच मुद्दा आहे. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातला, १९६१ चा जन्म. साउथएंड, स्विंडन, प्लिमथ, ब्रायटन, चार्लटन आणि शेवटी टॉर्की असा त्याचा प्रवास. सुरुवातीला डाव्या बाजूचा विंगर, ब्रायटनला गेल्यावर पुढे खेळणारा स्ट्रायकर. तिथे १९८७-८८ च्या हंगामात त्याने भरपूर गोल केले आणि क्लब वरच्या विभागात गेला. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात तो कधीच नव्हता. १९९५ मध्ये त्याचं ‘लेफ्ट फूट फॉरवर्ड’ हे पुस्तक आलं. उपशीर्षकातच त्याने स्वतःला जर्नीमन म्हटलं आहे. १९९४-९५ चा चार्लटनमधला एक हंगाम, डायरीच्या रूपात. नेल्सन तेव्हा तेहतीस वर्षांचा होता आणि हंगाम चालू असतानाच चौतिसाचा झाला. फुटबॉलमध्ये हे वय म्हणजे आपल्याकडे निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाचं.

पुस्तकाचं बळ त्याच्या रूपबंधात आहे. खेळाडूचं चरित्र शेवटाकडून मागे लिहिलं जातं. विश्वचषक जिंकला हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून लहानपणी फुटलेली काच, वडिलांचा मार, उपाशी काढलेली रात्र या सगळ्याला त्या चषकाचा अर्थ चिकटतो. डायरी पुढे सरकते आणि तिला शेवट माहीत नसतो. शनिवारी संघात नाव असेल का, हे गुरुवारी लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. गुडघा धरेल का, मे महिन्यात क्लब नवा करार देईल का, वाचकाला आणि लिहिणाऱ्याला हे एकाच वेळी कळतं. त्यामुळे राखीव संघाच्या एखाद्या फालतू सामन्याच्या नोंदीतही ताण राहतो. पणाला लागलेला असतो तो घराचा हप्ता.

हा विंगर असल्यानेही फरक पडतो. विंगरचा शेजार म्हणजे मैदानाच्या कडेची पांढरी रेघ. मधल्या फळीतला खेळाडू खेळ घडवतो. विंगर चेंडू येण्याची वाट पाहतो. आला तर त्याच्याकडे दोन-तीन सेकंद असतात, समोरच्याला चकवायचं आणि आत क्रॉस टाकायचा. नाही आला तर तो अर्धा तास नुसता पळतो आणि गर्दीला वाटतं, हा आज दिसलाच नाही. प्रशिक्षकाला काही बदलायचं असलं की अनेकदा आधी विंगरचाच नंबर बोर्डावर चढतो. नेल्सनच्या गद्यातही ही कडेची नजर आहे. तो ड्रेसिंग रूममध्ये मधोमध बसत नाही. तरुण पोरं, दुखापतीतून उठणारे, करार न मिळालेले यांच्याकडे तो बाजूने पाहतो.

उणिवाही आहेत. नेल्सन कोट्या फार करतो. वाक्य गंभीर व्हायला लागलं की विनोदाने अंग काढून घेतो. आणि तो फारच सभ्य आहे. अॅलन कर्बिश्ली आणि स्टीव्ह ग्रिट ही प्रशिक्षकांची जोडी त्याचं भवितव्य ठरवणार होती, आणि हा त्याच क्लबात नोकरी करता करता लिहीत होता. मालकाबद्दल लिहिताना पेन जरा हलक्या हाताने धरलेलं जाणवतं. ईमन डन्फीच्या ‘ओन्ली अ गेम?’शी तुलना केली की हे स्पष्ट दिसतं. ती मिलवॉलच्या १९७३-७४ च्या हंगामाची डायरी, १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेली. डन्फी उमेदीने सुरुवात करतो, संघातून वगळला जातो, कडवट होतो आणि हंगाम अर्ध्यावर असतानाच क्लब सोडतो. संघातला सहकारी हरला तर आपली जागा परत मिळेल, म्हणून मनातून त्याच्या हरण्याची वाट पाहणं, ही कुरूप भावना तो उघडी करतो. नेल्सन तिथवर जात नाही. पण डन्फीकडे नसलेली एक गोष्ट त्याच्याकडे आहे. पंधरा वर्षं एकच काम केलेल्या माणसाचा धीर.

विमान सुटल्यानंतर

आता आपल्याकडे. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ मार्च २०२२ मध्ये आला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसोबत उभ्या केलेल्या ‘स्लम सॉकर’च्या कामावर तो आधारलेला आहे. सिनेमा हिंदी असला तरी त्याची मुलं, त्यांची भाषा आणि त्यांच्या वस्तीतली भिंत आपल्या ओळखीची आहे. या सिनेमाची मोठी गोष्ट म्हणजे तो शेवटचा सामना दाखवत नाही. क्रीडापट शेवटच्या मिनिटाच्या गोलावर संपतो असा रिवाज. मंजुळे तो मोडतात. त्यांच्यासाठी खरा सामना पासपोर्टच्या खिडकीवर, ओळखपत्राच्या कागदावर आणि विमानतळाच्या तपासणीत आहे. जगायचा पुरावा मागणाऱ्या टेबलासमोर उभं राहणं पेनल्टी मारण्यापेक्षा अवघड असतं, हे त्यांनी पडद्यावर सिद्ध केलं.

पण ‘झुंड’सुद्धा विमानावर संपतो. भिंत ओलांडली, मुक्ती झाली. सिनेमासाठी हा शेवट योग्य आहे. प्रश्न मात्र उरतो. विमान परत येतं, तेव्हा काय? रोजंदारीवरच्या खेळाडूची गोष्ट तिथे सुरू होते, आणि ती लिहिणारं कुणी आपल्याकडे दिसत नाही.

अनिकेत जाधवचंच पाहा. कोल्हापूरचा, २००० चा जन्म, वडील रिक्षाचालक. कोल्हापूर म्हणजे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार अशा पेठांच्या संघांचं गाव. तिथे शाहू स्टेडियमवर फुटबॉलसाठी भांडणं होतात, जीव टाकला जातो. अनिकेत तिथून क्रीडा प्रबोधिनीत आणि पुढे पुणे एफसीच्या अकादमीत गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा तो भारतीय संघात होता. त्या दिवसांत ‘रिक्षाचालकाचा मुलगा विश्वचषकात’ ही बातमी सगळीकडे होती. भारत तिन्ही सामने हरला. अमेरिकेविरुद्ध ०-३, कोलंबियाविरुद्ध १-२, घानाविरुद्ध ०-४. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन अॅरोजने आय-लीगमधल्या पहिल्या सामन्यात चेन्नई सिटीला ३-० हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे.

बातमी इथे संपते आणि कारकीर्द सुरू होते. २०१९ मध्ये काही काळ सरावासाठी इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स. हा क्लब पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा. मग जमशेदपूर, मग हैदराबाद. २०२२ मध्ये हैदराबादने आयएसएल जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. मग ईस्ट बंगाल, मग ओडिशा. नोव्हेंबर २०२३ मध्ये एएफसी कपात ओडिशाने कोलकात्यात मोहन बागानला ५-२ हरवलं, त्यातला एक गोल त्याचा. वय तेवीस, क्लब पाच. हे अपयश नाही. देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये टिकून राहणं आहे. पण ‘रिक्षाचालकाचा मुलगा’ या मथळ्यात या टिकून राहण्याला जागा नव्हती. मथळ्याला एकतर भारताचा मेस्सी हवा असतो, नाहीतर विसरला गेलेला तारा. मधला माणूस चालत नाही.

क्लबांचंही तेच. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स या पुण्यातल्या इतर क्लबांच्या पाट्या त्याआधीच उतरल्या होत्या. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम स्थगित ठेवल्याचं आयोजकांनी क्लबांना कळवलं, आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवले. नेल्सनला निदान एवढं माहीत होतं की मे महिन्यानंतर ऑगस्ट येतो आणि ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होतो. आपल्या विंगरला तेही गृहीत धरता येत नाही.

खान्देशाचा वाचक

हे सगळं जळगाव-धुळ्याच्या वाचकाने का वाचावं? आपल्याकडे व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. कोल्हापूरसारखी पेठांची ईर्ष्या नाही. पहाटे मैदानावर पळणारी पोरं असतात ती बहुतेक पोलीस भरतीसाठी किंवा सैन्यासाठी. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे खेळाचं प्रमाणपत्र फाइलमध्ये जपून ठेवलं जातं. खेळ म्हणजे नोकरीकडे जाणारी आडवाट, हा हिशोब चुकीचा नाही.

पण नेल्सनचं पुस्तक खान्देशात जितकं समजेल तितकं कदाचित ब्रायटनमध्येही समजणार नाही. दर जूनला नवी ऑर्डर मिळेल का याची वाट पाहणारे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक इथे घरोघरी आहेत. नेट-सेट झालेले, शिकवण्यात हुशार, पण वर्षानुवर्षं बदलीवर. एक वर्ष जळगाव, पुढचं अमळनेर, त्यानंतर शिरपूर. त्यांच्या कारकिर्दीचा नकाशा आणि विंगरच्या कारकिर्दीचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहा. कसब आहे, दुकान नाही.

शिवाय मराठीला हरणाऱ्या माणसाकडे गंभीरपणे पाहायला शिकवलं ते याच मातीने. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ मध्ये ‘कोसला’ लिहिली. पांडुरंग सांगवीकर पुण्याला जातो, काही मिळवत नाही आणि गावी परततो. तरीही, किंवा म्हणूनच, ती मराठीतली महत्त्वाची कादंबरी ठरली. कादंबरीत आपण हे साठ वर्षांपूर्वी मान्य केलं. खेळाच्या लेखनात अजून नाही. मराठीत खेळाडूवरचं पुस्तक बहुतेकदा प्रेरणेच्या कपाटात ठेवलं जातं, स्पर्धापरीक्षेच्या गाइडशेजारी. त्यातला खेळाडू पडतो तो फक्त उठण्यासाठी.

अशा प्रेरणेचा हिशोब शेवटी पोरांकडून वसूल होतो. शंभरातला एक वर जातो आणि उरलेल्या नव्व्याण्णवांना त्याची गोष्ट सांगितली जाते. त्यांची स्वतःची गोष्ट कुणी सांगत नाही. मग राज्य स्पर्धेत दोन वर्षं खेळलेला पोरगा पंचविसाव्या वर्षी स्वतःला वाया गेलेला समजतो. त्याने जे केलं त्याला नावच दिलेलं नसतं.

आपल्याला हवं असलेलं पुस्तक फार मोठं नसेल. एक हंगाम, एक खेळाडू, रोजची नोंद. संघात नाव आलं की नाही, प्रवास कुठल्या डब्यातून झाला, बूट किती टिकले, घरून फोन आला तेव्हा काय सांगितलं. विंगर असेल तर उत्तम. कबड्डीतला कोपऱ्यातला खेळाडूही चालेल. लिहिणाऱ्याने दोन पथ्यं मात्र पाळावीत. नेल्सनसारखं कोटी करून पळू नये आणि मालकाला सांभाळून घेऊ नये.

आणि शेवटी चषक नसला तर नसू द्या. करार एक वर्षाने वाढला, एवढ्यावर ते पुस्तक संपलं तरी चालेल. ज्याचं आयुष्य वर्षावर्षाने वाढत आलं आहे, त्या वाचकाला ते आनंदाचं वाक्य आहे हे समजावून सांगावं लागणार नाही.