एक फोटो, दोन माणसं आणि कॉन्फरन्सची स्लाइड

पहिल्या कॉन्फरन्सला जायची तयारी करताय? मग या फोटोबद्दल आधीच बोलू. मधुमेहावरच्या भाषणांत तो बऱ्याचदा दिसतो. त्यात दोन शास्त्रज्ञ आहेत: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा फोटो छापून आला.

फोटो जबरदस्त आहे. बीएमआयला चरबी दिसत नाही, हे तो एका नजरेत पटवतो. पण पुरावा म्हणून बघा: माणसं फक्त दोन! युडकिन मॅरेथॉन पळतात, आपला व्यायाम म्हणजे लिफ्ट गाठायची धावपळ, आणि आपलं जन्मवजनही कमी होतं, हे त्या छोट्या टिपणात याज्ञिकांनीच सांगितलंय. मग फरक कशाचा? जनुकांचा, गर्भातल्या पोषणाचा की व्यायामाचा? फोटो ते सांगू शकत नाही. लेखकांची ही सावधगिरी स्लाइडवर मात्र येत नाही, आणि ‘भारतीय शरीरच असं’ एवढं ऐकून आपण घरी येतो.

खरा पुरावा कमी देखणा आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास झाला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. गावातल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. नवजात बाळ मॅरेथॉन पळत नाही, म्हणजे व्यायामाचा मुद्दा इथे गळाला. जनुकं की आईचं पोषण, हा प्रश्न मात्र इथेही उरतोच.

एंडोक्राइन सोसायटी ऑफ इंडिया १९७१ पासून आहे. अशा संस्थांमुळे या विषयातले डॉक्टर एकत्र येतात, आपल्यासारख्यांना पोस्टर लावायला मिळतं. पण पोस्टर म्हणजे पूर्ण शोधनिबंध नव्हे. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात वेगवेगळ्या वैद्यकीय परिषदांमधले तीन लाखांवर सारांश तपासले, त्यातले ३७.३ टक्केच पुढे पूर्ण छापले गेले. त्यातही सकारात्मक निष्कर्षांचं नशीब जास्त.

हिंगोलीत याचं काय? कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या शेतमजूर बाईला ‘तू बारीक आहेस, साखर कशाला तपासायची’ असं कोणी म्हणालं, तर तो फोटो आठवायलाच हवा. पण तिच्यावर प्रबंध लिहायचा तर फोटोवर भागणार नाही. पुण्याजवळची सहा गावं म्हणजेही हिंगोली नव्हे. इथं मोजावं लागेल.

म्हणून आवडलेल्या एका तरी स्लाइडचा मूळ निबंध शोधून वाचा. किती जण मोजले? कोणाशी तुलना केली? दोन्ही गटांत आणखी काय वेगळं होतं? उत्तर सापडलं नाही तर वक्त्यालाच विचारा. प्रश्नोत्तरांचा वेळ त्यासाठीच असतो.