डोक्याकडे जाणारी एकच रेघ

हिंगोली जिल्ह्यातील एका शाळेत रक्ताभिसरण संस्थेचा तक्ता आमच्या पाहण्यात आला. छपाई सुबक, नावे मराठीत. पण हृदयाकडून डोक्याकडे मात्र एकच लाल रेघ! तक्ता सोपा हवा हे मान्य. पण इथे सोपेपणापायी मुख्य गोष्टच हरवली आहे.

मानेतून मेंदूकडे चार रोहिण्या जातात. पुढच्या बाजूच्या दोन ग्रीवा रोहिण्या साधारण कंठमण्याच्या पातळीवर दुभंगतात : बाहेरची शाखा चेहऱ्याकडे, आतली मेंदूकडे. उरलेल्या दोन मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून वर चढतात. मेंदूच्या तळाशी त्यांच्या शाखा जुळून एक कडे बनते. थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचे वर्णन केले. एक वाट अडली, तर पुष्कळदा दुसरीकडून रक्त मिळते. रक्ताविना काही मिनिटांतच मेंदूला इजा होते, म्हणून ही सोय मोलाची.

तक्ता काढून टाकू नये. मुलांकडूनच उरलेल्या तीन रेघा काढून घ्याव्यात. कंठमण्याशेजारची नाडीही पाहू द्यावी, पण एका वेळी एकाच बाजूची आणि हलक्या बोटाने. दोन्ही बाजू एकदम दाबल्यास भोवळ येऊ शकते. हे सांगायला तक्त्यावर आधी दोन बाजू तरी असायला हव्यात.