‘द ब्रोकन न्यूज’ : सगळं दिसतं, मीटर दिसत नाही

पीएचडीच्या तयारीतल्या मुलांना मी वेब सिरीज बघायला सांगत नाही, वेळ जातो. ही मात्र बघा, पण थोडी वाकडी नजर ठेवून.

‘द ब्रोकन न्यूज’ २०२२ मध्ये झी फाइव्हवर आली, दुसरा सीझन २०२४ मध्ये. मूळ मालिका बीबीसीची ‘प्रेस’ (२०१८), लेखक माइक बार्टलेट. तिकडे दोन वर्तमानपत्रं होती, इकडे मुंबईतली दोन न्यूज चॅनेल झाली. ‘आवाज भारती’ची संपादक अमिना कुरेशी (सोनाली बेंद्रे) आणि ‘जोश २४/७’चा दीपांकर सन्याल (जयदीप अहलावत). मध्ये राधा भार्गव, म्हणजे आपली श्रिया पिळगावकर. पैसा, सत्ता, खासगी नात्यांचे धागे, सगळं आहे. अहलावत तर नुसता गप्प बसला तरी भीती वाटते.

माझी तक्रार वेगळी आहे. पेपरची चॅनेल केली की फक्त सेट बदलत नाही, मोजमाप बदलतं. पेपर किती खपला ते मोजता येतं. चॅनेल किती लोकांनी बघितलं, हा अंदाज असतो. २०२० च्या आसपास देशात टीव्ही असलेली घरं साधारण २१ कोटी होती आणि बार्कचे मीटर साधारण ४४,००० घरांत. म्हणजे मीटरचं एक घर जवळपास पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलतं. (आमच्या राहनाळमध्ये असं घर आहे का? असलं तरी कळणार नाही, ते गुप्तच ठेवतात.)

सँपल लहान म्हणून चुकीचं, असं मी म्हणत नाही. भिवंडीत एका ताग्यावरून अख्खा माल जोखणारे लोक आहेत. पण तागा कोणी निवडला, हे महत्त्वाचं. बातम्या बघणारी घरं मुळातच कमी, त्यात एका भाषेची, एका शहराची, रात्री नऊची. तिथे दोन-चार घरं इकडची तिकडे झाली तरी आकडा उडी मारतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी नेमका हाच आरोप केला होता : मीटरच्या काही घरांना ठरावीक चॅनेल लावून ठेवायला पैसे दिले जातात. बार्कने न्यूजचे साप्ताहिक आकडे थांबवले, ते थेट मार्च २०२२ मध्ये परत आले, चार आठवड्यांच्या सरकत्या सरासरीने. मालिका आली त्याच वर्षीच्या जूनमध्ये!

आता इथे तुमच्या इंटरव्ह्यूला येऊ शकेल असा प्रश्न आहे. चार आठवड्यांची सरासरी काढली की काय सुधारतं? आठवड्यागणिक होणारी चूक स्वतंत्र असेल तर ती साधारण निम्मी होते, कारण चारचं वर्गमूळ दोन. पण एखादं घर पैसे घेऊन रोज तेच चॅनेल लावत असेल, तर चाराचे चाळीस आठवडे घेतले तरी ती चूक तिथेच राहते. पहिली यादृच्छिक चूक, दुसरी बायस. हा फरक ज्याला नीट सांगता येतो त्याची निम्मी मुलाखत झाली, असं मला वाटतं.

मालिका या वाटेने जातच नाही. तिच्या मते दीपांकर असा वागतो कारण तो महत्त्वाकांक्षी आहे. राधाला खोट्या दहशतवादाच्या आरोपात अडकवण्यापर्यंत तो जातो, आणि दुसरा सीझन तिच्या सूडात गुंततो. तो सीझन मला सैल वाटला. माणूस वाईट निघाला की प्रेक्षकाची सुटका होते. पण दीपांकरला हटवून त्या खुर्चीत अमिनाला बसवा, दर आठवड्याला तोच आकडा तिच्या टेबलावर ठेवा आणि जाहिरातदार त्याच आकड्यावर पैसे देऊ द्या. ती किती दिवस अमिना राहील? हा प्रयोग मालिकेत करता आला असता. अमिनाच्या चॅनेलची पैशाची ओढाताण दाखवलीच आहे, म्हणजे सामान तयार होतं.

तुम्ही ज्या जगात येताय तिथे टीआरपीच्या जागी सायटेशन आणि इम्पॅक्ट फॅक्टर असतो. दीपांकर तिथेही भेटतो, फक्त आवाज हळू असतो.