वाटीचे ग्रॅम आणि मापाची शीग

पाककृतींच्या पुस्तकांच्या अखेरीस, कधी दिनदर्शिकेच्या पाठीमागे, एक कोष्टक छापलेले असते. एक वाटी तांदूळ म्हणजे इतके ग्रॅम, एक वाटी कणीक म्हणजे इतके. वजनमापे शिकवताना तेच कोष्टक फळ्यावरही येते. या कोष्टकाविषयी आमची तक्रार आहे. त्यातले आकडे खोटे आहेत असे नव्हे. ते नेमके कशाचे आहेत, हेच तिथे सांगितलेले नसते.

आधी वाटीची बाजू घेऊ. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'मध्ये (१९७०) प्रमाणे वाटी-चमच्यात आहेत. त्याला अशास्त्रीय म्हणून नाक मुरडणे आम्हाला पटत नाही. एक वाटी रवा आणि दोन वाट्या पाणी हे गुणोत्तर आहे. वाटी लहान असली तर उपमा कमी होईल, बिघडणार नाही. घोटाळा होतो तो 'एक नारळ, एक वाटी साखर' असे लिहिले की. नारळ काही आपली वाटी पाहून वाढत नाही!

ग्रॅमचे तसे नाही. २०० मिलिलीटरच्या वाटीत सपाट भरलेले तांदूळ सुमारे १६० ग्रॅम भरतात आणि चुरमुरे जेमतेम वीस-पंचवीस. कणीक चाळून अलगद भरली तर १०० ग्रॅमच्या आसपास. तीच वाटी ठोकून भरा, १३० च्या पुढे जाते. कारण वाटीत धान्याबरोबर हवाही असते. तांदळाने काठोकाठ भरलेल्या वाटीत मोजून पाणी ओतून पाहा. तांदूळ पाणी पिण्याआधी, चटकन. ८०-९० मिलिलीटर पाणी सहज मावते. एवढी जागा हवेची होती. कोष्टकात हवेचा रकाना नाही, वाटीच्या आकाराचा नाही आणि शिगेचाही नाही.

या शिगेपायी मुलांच्या ताटातली डाळ कमी होऊ शकते. नवापूर तालुक्यातले विसरवाडी घ्या. भाताचा आणि तुरीचा हा मुलूख; नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गावातल्या शाळेत पहिली ते पाचवीची ६० मुले जेवायला आहेत असे धरू. पोषण आहाराच्या नियमाप्रमाणे प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, म्हणजे ६ किलो तांदूळ आणि १ किलो २०० ग्रॅम डाळ. हिशेब किलोत, पण रोजच्या घाईत हात जातो डब्याकडे.

डबा १ लीटरचा, पसरट, तोंडाचा व्यास १४ सेंमी. डाळीच्या ढिगाचा उतार ३० अंश धरला तर शीग ४ सेंमी उंच होते. शंकूचे घनफळ काढा (सातवी-आठवीच्या मुलांना सूत्र देऊन काढू द्या): सुमारे २०० घनसेंमी, म्हणजे सपाट मापाच्या पाचवा हिस्सा. कोणी शिगोशीग भरून 'हा डबा म्हणजे एक किलो' असे ठरवले आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी तो हाताने सपाट केला, तर १ किलो २०० ग्रॅमच्या जागी १ किलोच डाळ शिजेल. दहा मुलांची डाळ गेली, आणि चोरी कोणीच केली नाही. उलट झाले तर महिनाअखेरीस साठा कमी पडतो आणि उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागते.

बाजारात ही शीग सर्वांना ठाऊक असे. घेताना शिगोशीग आणि देताना सपाट, अशी मापाऱ्याची ख्याती होती. छापील कोष्टकाने ती शहाणीव पुसली आणि तिच्या जागी काही दिले नाही.

छापील आकड्यापेक्षा गावातल्या दुकानातला काटा बरा. एकदा नेमकी १ किलो डाळ तोलून आणावी, शाळेच्याच डब्यात ओतून, न ठोकता सपाट करावी आणि जिथवर येईल तिथे आतून खूण करावी. डबा अरुंद तोंडाचा निवडावा. १० सेंमी व्यासावर तीच शीग ७५ घनसेंमीच्या आसपास राहते. तांदळाची खूण वेगळी, डाळीची वेगळी. नव्या पोत्यातले तांदूळ वेगळ्या जातीचे निघाले, की पुन्हा एकदा काटा.