श्रुतकवी वामनदादा

लोकशाहीर वामनदादा कर्डक यांच्या गीतांची प्रेरणा कोणती, असा प्रश्न सभा-संमेलनांत कोणी विचारला की उत्तर तयार असते : बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हे उत्तर खरे आहे, परंतु त्याच्या खरेपणामुळेच आमची समीक्षा आळसावली आहे. बाबासाहेबांपासून प्रेरणा घेऊन शेकडो शाहिरांनी हजारो गीते रचली. त्यांतली बहुतेक त्या त्या जयंतीपुरती जगली आणि वामनदादांची मात्र ओठांवर राहिली. असे का झाले, याचा उलगडा केवळ प्रेरणास्थानाचे नाव घेऊन होत नाही. २०२२ साली वामनदादांची जन्मशताब्दी झाली. गौरवपर लेखन पुष्कळ झाले. गीते कशी घडली, याविषयीचे विवेचन त्या मानाने थोडेच आमच्या वाचनात आले. प्रस्तुत लेखात तेवढाच एक प्रश्न आम्ही हाती घेतला आहे.

आरंभी एक खुलासा करणे अवश्य आहे. आंबेडकरी जलशाचे एक प्रवर्तक भीमराव कर्डक आणि आमचे वामनदादा या दोन भिन्न व्यक्ती होत. दोघेही नाशिक जिल्ह्याचे, दोघांचे आडनाव एक आणि दोघांचे कार्यही एकाच चळवळीतले. त्यामुळे एकाविषयीच्या आठवणी दुसऱ्याच्या नावावर सर्रास सांगितल्या जातात. भीमरावांचा जलसा ही एका संचाची कला होती. वामनदादांचे गीत एका माणसाचे. ते स्वतः रचीत, स्वतः गात, आणि गावोगाव फिरून ते लोकांच्या स्वाधीन करीत.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. शाळा नशिबी नव्हती. मुंबईस आल्यावर कोळशाची वखार, गिरणीतली मजुरी, रस्त्यावरची किरकोळ विक्री असे मिळेल ते काम त्यांनी केले. शिवडीच्या चाळीत राहत असताना कोणीतरी एक पत्र वाचून दाखविण्यासाठी त्यांच्या हाती दिले. त्यांना ते वाचता येईना. तरण्याताठ्या माणसाने त्या कागदापुढे रडावे, असा तो प्रसंग पुढे त्यांच्या चरित्रात वारंवार सांगितला गेला. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकविली आणि जोडाक्षरे त्यांनी दुकानांवरच्या पाट्या वाचून आत्मसात केली. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर केलेले विडंबन होते.

या घटनांचा क्रम आमच्या मते फार महत्त्वाचा आहे. या माणसाच्या आयुष्यात गाणे आधी आले, अक्षर नंतर. गावातला तमाशा, ओव्या आणि भजने, मुंबईच्या कामगारवस्तीतली कव्वाली, ग्रामोफोन आणि चित्रपटगृह हे सारे त्यांच्या कानात साठले, आणि ते लिहून ठेवण्याची सोय फार उशिरा हाती आली.

अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात तथागतांनी कवींचे चार प्रकार सांगितले आहेत : चिन्ताकवी, सुतकवी, अत्थकवी आणि पटिभानकवी. सूत्र अगदी लहान आहे. त्याचा विस्तार अट्ठकथेत येतो. विचार करून रचणारा तो चिन्ताकवी, ऐकलेल्यातून रचणारा सुतकवी, एखाद्या अर्थाचा आधार घेऊन रचणारा अत्थकवी आणि त्याच क्षणी स्फुरेल ते रचणारा पटिभानकवी. पालीतला ‘सुत’ म्हणजे श्रुत, ऐकलेले. आमच्या विद्यापीठीय समीक्षेने गेली शंभर वर्षे चिन्ताकवीलाच कवी मानले. एकान्तात बसून कागदावर खाडाखोड करणारा तो कवी, आणि बाकीचे शाहीर, गीतकार, प्रचारक. तथागतांच्या यादीत मात्र ऐकून रचणारा हाही कवीच आहे.

वामनदादा हे या अर्थाने सुतकवी होत. याचा पुरावा त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गीतात मिळतो. बाबासाहेबांच्या मताशी इमान राखणारी केवळ पाच माणसे असती तर काय घडले असते, याचा हिशेब मांडणारे ते गीत. आमच्या वाचकांस ते मुखोद्गत असल्याने उद्धृत करण्याचे कारण नाही. त्याचे वृत्त पाहावे. ते आनंदकंद आहे : गागालगा लगागा, गागालगा लगागा. इक्बालांचे ‘सारे जहाँ से अच्छा’ हे गीत याच मापात बसते. वामनदादांचे गीत त्या चालीवर म्हणून पाहावे, एक मात्राही अडत नाही. रचनाही गझलेची आहे. प्रत्येक द्विपदीच्या अखेरीस एकच क्रियापद, आणि त्याच्या आधी यमकाचा शब्द. छंदःशास्त्राचे पुस्तक त्यांनी उघडले होते असे मानण्याची गरज नाही. हे माप मुंबईच्या हवेतच होते, कव्वालीत होते, चित्रपटगीतांत होते. (मास्तरांचे आडनाव देहलवी म्हणून उर्दूचा संस्कार तेथून आला, असे कोणी सुचवितात. एका आडनावावर एवढी मोठी इमारत आम्ही उभारणार नाही.)

त्याच गीतातले यमक पाहावे. ‘लोक’ आणि ‘टोक’ यांच्या पंक्तीत वामनदादांनी ‘चोख’ बसविला आहे. क आणि ख ही दोन अक्षरे आहेत, असा आक्षेप पुस्तकी परीक्षक घेईल. परंतु ढोलकीच्या ठेक्यावर शेवटचा ‘अ’ गिळून हे शब्द म्हणून पाहिले की फरक नाहीसा होतो. हे डोळ्यांचे यमक नव्हे, कानाचे आहे. मराठी गझलेचे अध्वर्यू सुरेश भट १९३२ सालचे, म्हणजे वामनदादांहून दहा वर्षांनी लहान. तरीही मराठी गझलेचा इतिहास सांगताना वामनदादांचे नाव बहुधा वगळले जाते. कदाचित त्यांनी आपल्या रचनेला गझल म्हणून मिरविले नाही, हा त्यांचा अपराध असावा.

आता प्रेरणेच्या प्रश्नाकडे वळू. येथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता. धर्माच्या क्षेत्रात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असेलही, परंतु राजकारणात ती अधःपाताकडे आणि अंती हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय. मग ज्या गीतप्रकाराचे नावच भीमगीत, त्याचे काय करावे? ज्या माणसाने भक्तीविरुद्ध बजावले, त्याचीच आरती आम्ही गात नाही ना? हा प्रश्न विरोधकांनी कुत्सितपणे विचारला आहे. तो आम्ही स्वतःला गंभीरपणे विचारला पाहिजे.

वामनदादांच्या हजारो गीतांत अशीही गीते आहेत की ज्यांत नाव बदलले तर ती कोणत्याही देवाची होतील. तेच सूर्य-चंद्र, तोच सागर, तोच दाता. चाल आधी ठरलेली, मात्रा भरायच्या, म्हणून आलेली विशेषणेही त्यांत आढळतात. हे आम्ही लपवीत नाही. परंतु पाच माणसांच्या त्या गीतात काय घडते ते पाहावे. संबोधन बाबासाहेबांना आहे, म्हणून ते वरवर स्तोत्रासारखे भासते. प्रत्यक्षात बाबासाहेबांच्या साक्षीने अनुयायांची झडती चालली आहे. वाणीतला भीम आणि करणीतला भीम असे दोन भीम कवी वेगळे करतो आणि दोहोंतील अंतर मोजतो. गीतभर जे सद्गुण वर्णिलेले आहेत, ते सारे ‘असते तर’ या अटीवर टांगलेले आहेत. म्हणजेच ते नाहीत. ६ डिसेंबर १९५६ नंतर चळवळीची जी शकले झाली, १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे थोड्याच वर्षांत जे झाले, ते डोळ्यांसमोर असलेल्या वाचकास या अटीचा कडूपणा समजावून सांगावा लागत नाही. भक्त देवाकडे मागणे मागतो, गाऱ्हाणे घालतो. येथे गाणारा स्वतःच्याच पंक्तीतल्या माणसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. अखेरच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा घालण्याची त्यांची रीत होती. अभंगात ती आहे, गझलेच्या मक्त्यातही आहे. अशा गीतांत ती नाममुद्रा सहीसारखी दिसते, कारण पिंजऱ्यात उभा राहणाऱ्यांत गाणाऱ्याने स्वतःलाही धरलेले असते.

बौद्ध परंपरेस हे अपरिचित नाही. पटिभान असलेल्या भिक्खूंमध्ये श्रेष्ठ म्हणून ज्यांचा तथागतांनी गौरव केला ते वंगीस थेर अनेकदा तथागतांसमोर उभे राहून गाथांनी त्यांची स्तुती करीत. संयुत्तनिकायातील वंगीससंयुत्तात एक प्रसंग आहे. जेतवनात साडेबाराशे भिक्खूंच्या समुदायापुढे वंगीसांनी गाथा म्हटल्या. तथागतांनी स्तुतीबद्दल काहीच न बोलता विचारले : या गाथा आधी योजून ठेवल्या होत्या की आताच स्फुरल्या? आताच स्फुरल्या, असे उत्तर आल्यावर, मग अशाच आणखी स्फुरू देत, असे ते म्हणाले. ज्याची स्तुती झाली तो स्तुतीवर भाळला नाही. त्याने रचनेची चौकशी केली. त्याच संयुत्तात स्वतःच्या मनातली वासना आणि स्वतःच्या प्रतिभेचा चढलेला ताठा यांवर वंगीसांनी स्वतःलाच फटकारलेल्या गाथाही आहेत. स्तुती आणि आत्मपरीक्षण एकाच कवीच्या मुखी नांदतात. स्तुतीच तेवढी जपली आणि दुसरा भाग टाकून दिला, तर वंगीस अर्धे राहतात. वामनदादांचे आम्ही नेमके हेच केले आहे, अशी आम्हांस शंका आहे.

त्यांच्या प्रेरणेचे आणखी एक अंग आमच्या लेखनात संकोचाने येते : सिनेमा. पडद्यावर यावे ही हौस त्यांना तरुणपणी होती. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशाप्रधान चित्रपट आला. वसंत पवारांचे संगीत असलेल्या त्या चित्रपटातले एक अतिशय लोकप्रिय शृंगारिक गीत वामनदादांचे आहे. ते गुणगुणणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असलेले आमचे काही कार्यकर्ते ते सांगताना आवाज खाली आणतात. का आणावा? दीघनिकायाच्या सक्कपञ्ह सुत्तात पंचसिख गंधर्व बेलुवपंडु वीणा छेडीत तथागतांसमोर चक्क प्रेमगीत गातो. प्रेयसीविषयीच्या ओढीत बुद्ध, धम्म आणि अर्हत यांच्या उपमा तो गुंफतो. तथागत त्याला हाकलून देत नाहीत. तारांचा स्वर आणि गळ्याचा स्वर एकमेकांशी जुळला आहे, असे ते म्हणतात, आणि या गाथा केव्हा रचल्यास, असे विचारतात. गीत-नृत्यापासून विरत राहण्याचे शील अष्टशीलांत येते, उपासकाच्या नित्याच्या पंचशीलांत ते नाही. प्रेमगीत लिहिणारा आणि भीमगीत लिहिणारा वामन एकच आहे. चालीची लाडिक वळणे, संबोधनाची जवळीक, ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीतच धरून ठेवण्याची हातोटी ही त्या शृंगारगीतातही आहे आणि ‘भीमा’ अशा एकेरी हाकेतही. बाबासाहेबांना एकेरीत हाक मारण्याचा अधिकार त्यांनी कोणाकडून घेतला? आईला, विठ्ठलाला, सख्याला एकेरीत हाक मारणाऱ्या लोकगीताकडूनच.

ते कोणा संस्थेचे नोकर नव्हते, कोणा ध्वनिमुद्रण कंपनीचे बांधील नव्हते. या स्वातंत्र्याची किंमत मोठी होती. संसाराची घडी नीट बसली नाही आणि फिरस्तीही थांबली नाही. ‘वाटचाल’ १९७३ साली, ‘मोहळ’ १९७६ साली, असे संग्रह निघाले तोवर त्यांनी पन्नाशी गाठली होती. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

अंगुत्तरनिकायातच आणखी एक सूत्र आहे. लांबविलेल्या गीतस्वरात धम्म म्हणणाऱ्या भिक्खूला पाच दोष लागतात, असे त्यात सांगितले आहे. त्यांतले पहिले दोन असे : म्हणणारा स्वतः त्या स्वरावर लुब्ध होतो आणि ऐकणारेही स्वरावर लुब्ध होतात. तो उपदेश भिक्खूंसाठी आहे, शाहिरांसाठी नाही, हे आम्ही जाणतो. तरीही गेल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या विहारासमोरून जाणाऱ्या डीजेवर पाच माणसांचे तेच गीत वाजत होते, तेव्हा हे सूत्र आम्हांस आठवले. ठेका एवढा वाढविलेला होता की शब्द ऐकू येत नव्हते. ‘असते’ हे क्रियापद तर मुळीच ऐकू येत नव्हते. ज्या अटीवर ते सारे गीत उभे आहे ती अट गळून पडली होती, आणि शेकडो तरुण आपल्याच झडतीच्या गाण्यावर जल्लोषाने नाचत होते. त्यांना दोष द्यावा असे आम्हांस वाटले नाही. हे गीत झडतीचे आहे, हे त्यांना आम्ही तरी कधी सांगितले होते?

त्यानंतर दोन रविवारी वंदना आटोपल्यावर आम्ही विहारातल्या वडीलधाऱ्या मंडळींना बसविले आणि जुनी गीतपुस्तके उघडली. अशा पुस्तकांत गीताच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे नाव छापलेले असते. ते दुसरे गाणे विस्मरणात गेले की चालही गेली. आम्ही पाने वाचीत गेलो, ते गुणगुणत गेले. पंच्याहत्तरीच्या एका उपासिकेला पुस्तकाची गरजच नव्हती. तिला अक्षरओळख नाही. छापील पानातला एक शब्द चुकला आहे, असे तिने ठामपणे सांगितले आणि गाऊन दाखविले. तिचा शब्द मापात बसत होता, छापलेला बसत नव्हता. आम्ही समासात तो पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. त्या पुस्तकातल्या सात गीतांच्या चाली मात्र कोणालाच आठवल्या नाहीत.