‘गेट’ या शब्दाचा अर्थ : लिनक्सच्या ऊर्जाव्यवस्थापनातील संज्ञांचे परीक्षण

लिनक्स कर्नलमधील रनटाइम ऊर्जाव्यवस्थापनाची चौकट २००९ च्या डिसेंबरात प्रसृत झालेल्या २.६.३२ या आवृत्तीत प्रथम समाविष्ट झाली. तिचे प्रमुख कर्ते राफाएल विसोत्स्की हे होत. तिच्या विवरणग्रंथास अ‍ॅलन स्टर्न यांचाही हातभार लागला आहे. हा ग्रंथ अभियंत्यांसाठी लिहिलेला असला, तरी संज्ञा घडते कशी आणि बिघडते कशी याचा अभ्यास करणाऱ्यास तो मननीय वाटावा अशा योग्यतेचा आहे. प्रस्तुत टिपणात त्यातील दोनच संज्ञांचे परीक्षण योजिले आहे.

प्रथम विषयाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. संपूर्ण संगणक झोपविणे ही एक गोष्ट. संगणक जागा असताना त्यातील जे उपकरण रिकामे असेल तेवढेच झोपविणे ही दुसरी. रनटाइम व्यवस्थापन या दुसऱ्या गोष्टीशी संबंधित आहे. त्यासाठी प्रत्येक उपकरणामागे एक वापरगणक ठेवलेला असतो. ड्रायव्हरला उपकरणाची गरज लागली की तो ‘गेट’ या वर्गातील फलन वापरून गणक एकाने वाढवितो, आणि काम संपले की ‘पुट’ने तो एकाने उतरवितो. गणक शून्यावर आला, आणि त्या उपकरणावर अवलंबून असलेले दुसरे कोणतेही उपकरण जागे नसले, म्हणजे त्यास झोपविण्याचा मार्ग मोकळा होतो. यूएसबी हबला जोडलेले एखादे उपकरण जागे असताना हब सामान्यतः झोपू शकत नाही, तो याच न्यायाने.

आता पहिली संज्ञा : ‘सस्पेंडेड’. वाचकाची साहजिक समजूत अशी होईल की, या शब्दाने वीज तोडलेले उपकरण अभिप्रेत असावे. विवरणकार मात्र ही समजूत स्पष्टपणे दूर करतात. उपकरण कमी विजेच्या अवस्थेत गेलेच असेल असे नाही. पुन्हा जागे केले जाईपर्यंत ते विदा हाताळणार नाही आणि प्रक्रियक व स्मृती यांच्याशी संपर्क ठेवणार नाही, एवढाच या शब्दाचा अर्थ ते बांधून देतात. इतकेच नव्हे, तर आरंभी प्रत्येक उपकरणाची नोंद ‘सस्पेंडेड’ अशीच असते आणि ती प्रत्यक्ष भौतिक स्थितीशी जुळेलच असे नाही, हेही ते नमूद करतात. चिन्ह आणि वस्तू यांतील अंतर कबूल करून शब्दाचा अर्थ वर्तनाच्या आधारे निश्चित करणारी ही व्याख्या आदर्श मानावी लागेल.

हीच दक्षता ‘गेट’च्या बाबतीत दिसत नाही. ‘पीएम रनटाइम गेट सिंक’ हे फलन गणक वाढविते, उपकरण जागे करते आणि जागे होईपर्यंत थांबते. उपकरण जागे झालेच नाही तर ते त्रुटीचा अंक परत करते. परंतु वाढविलेला गणक तसाच राहू देते. कर्नलमधील इतर अनेक ठिकाणी ‘गेट’ फसला म्हणजे काहीच हाती आले नाही, असा संकेत रूढ आहे. त्या संकेतास सरावलेला ड्रायव्हरलेखक त्रुटी दिसताच परत फिरतो आणि ‘पुट’ करीत नाही. परिणामी, पुढे बिघाडाचे कारण दूर झाले तरी गणक शून्यावर येत नाही आणि ते उपकरण झोपत नाही. यंत्र बंद पडत नाही, कोणी तक्रारही करीत नाही. वीज मात्र निष्कारण खर्च होत राहते. २०२० साली अशा गळत्या बुजविणाऱ्या दुरुस्त्या एकामागून एक दाखल झाल्या, यावरून हा दोष एखाददुसऱ्या लेखकाच्या अनवधानाचा नव्हता हे उघड होते.

या रचनेच्या बाजूने जे म्हणता येईल तेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. पुष्कळ ड्रायव्हर परतीचा अंक तपासतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक ‘गेट’ला बिनशर्त एक ‘पुट’ हा हिशेब सोपा आहे. शिवाय जागे करण्याचे काम रांगेत टाकून लगेच परतणाऱ्या साध्या ‘गेट’ला यशापयश अगोदर कळणे शक्य नसते, तेव्हा त्याच्याशी एकरूपता राखणे सुसंगतच म्हणावे लागेल. शिवाय ही वर्तणूक फलनाच्या टीपेत लिहिलेली आहेच.

तरीही आमच्या मते हे समर्थन अपुरे आहे. टीप ही कोशासारखी असते. अडल्यावाचून ती कोणी उघडत नाही. नाव मात्र प्रत्येक ओळीत वाचले जाते, आणि ज्याला आपण अडलो आहोत हेच कळत नाही त्याला टीपेचा उपयोग नाही. पुढे ५.१० या आवृत्तीच्या सुमारास ‘पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट’ हे नवे फलन आले. ते अपयश आल्यास गणक स्वतःच उतरविते. त्याच्या नावातील शब्दक्रम लक्षणीय आहे : अगोदर जागे करणे, मग घेणे. अट नावातच आली. विवरणग्रंथही आता परतीचा अंक तपासणाऱ्यास हेच फलन विचारात घेण्यास सुचवितो. जुने फलन राहिले आहे, आणि उपकरण काढून टाकतानाच्या हिशेबात ते सोयीचेही ठरते. म्हणून त्याचा सरसकट उच्छेद करणे योग्य होणार नाही.

यातून मराठी परिभाषाकारांनी घेण्याजोगा बोध असा. ‘सस्पेंडेड’साठी ‘निलंबित’ हा शब्द सहज सुचतो. परंतु त्यास चौकशीत सापडलेल्या कर्मचाऱ्याचा वास येतो. ‘स्थगित’ या शब्दात काम थांबले आहे आणि ते पुन्हा सुरू व्हावयाचे आहे, हे दोन्ही अर्थ आहेत; वर सांगितलेल्या व्याख्येशी तो अधिक जुळतो. ‘गेट’साठी ‘प्राप्ती’ म्हणावे तर इंग्रजीतील फसगत मराठीत नव्याने उभी राहील. ‘मागणीनोंद’ म्हटल्यास नोंद झाली, वस्तू मिळाली की नाही ते वेगळे, हा भेद शब्दातच राहतो. यशस्वी प्रयोगापेक्षा फसलेल्या प्रयोगात शब्द काय सांगतो, यावरून संज्ञेची परीक्षा करावी, असे आमचे मत आहे.